उलटं धरलेलं पुस्तक

रविवार, रात्री साडेदहा

दुपारभर सोळाव्या शतकातल्या आर्चिम्बोल्दो या इटालियन चित्रकारावरचं जाड पुस्तक मांडीवर होतं. पायाला मुंग्या आल्या, तरी खाली ठेवावंसं वाटेना. 'उन्हाळा' या चित्राच्या पानावरून मी तासभर हललेच नाही.

आई चहा घेऊन आली. चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता. दारातूनच म्हणाली, "हसतोय कोण गं हा?" मग चष्मा लावून आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, ही तर शेंग आहे!" दात म्हणजे मटारचे दाणे. नाक काकडीचं, गाल पीचचा, हनुवटीला पेअर आणि कानाच्या जागी मक्याचं कणीस. ते कणीस पाहून मी थबकले. चित्र 1563 सालचं. मका अमेरिकेतून युरोपात येऊन तेव्हा जेमतेम 70 वर्षं झालेली. म्हणजे व्हिएन्नाच्या दरबारातली ती नवलाईची वस्तू, आणि या माणसाने तिचा कान केला. गळपट्टीवर गव्हाच्या काड्यांत स्वतःचं नाव विणलंय, खांद्यावर चित्राचं वर्ष.

आईने चष्म्याविना माणूस पाहिला आणि चष्मा लावून भाजी पाहिली. रोलाँ बार्थ या फ्रेंच लेखकाने 1978 मध्ये आर्चिम्बोल्दोवर दीर्घ लेख लिहिला, त्यात हेच आहे: जवळ जा, फळं दिसतात, लांब जा, चेहरा दिसतो. तो या चित्रांकडे भाषेसारखं बघतो. अक्षरं जुळून शब्द होतो, तशी फळं जुळून डोकं. मागच्या महिन्यात तो लेख वाचला तेव्हा हे डोक्याला पटलं होतं. डोळ्यांना आज पटलं. पण त्याच चेहऱ्यांत बार्थला कुजणं, वळवळणं, किळसही दिसते, तिथे माझं त्याच्याशी जमत नाही. मला या मटारांत प्रेम दिसतं. इतका एकेक दाणा निरखणाऱ्याला त्या दाण्याचा तिटकारा कसा असेल?

म्हणूनच कलाइतिहासकार थॉमस डाकोस्टा कौफमान यांचं पुस्तक मला जास्त जवळचं वाटलं. आर्चिम्बोल्दोने प्राणी, पक्षी, वनस्पती समोर ठेवून किती बारकाईने काढल्या, बोलोन्याच्या आल्द्रोवांदीसारख्या निसर्गअभ्यासकांपर्यंत ती चित्रं कशी पोचली, हे ते सांगतात. ही चित्रं म्हणजे गंभीर विनोद, असं त्यांचं म्हणणं. हसवायचं, पण राजकारणही करायचं. 1569 च्या नव्या वर्षाला चार ऋतू आणि चार महाभूतं यांची चित्रं त्याने सम्राट मॅक्सिमिलियनला भेट दिली, सोबत फोन्तेओ नावाच्या कवीची कविता. उन्हाळ्यासमोर अग्नी, हिवाळ्यासमोर पाणी. ऋतू आणि महाभूतं सगळी सम्राटाच्या आज्ञेत, हा त्याचा अर्थ.

तरी आर्चिम्बोल्दोची ओळख करून देताना 'विक्षिप्त' हा शब्द येतोच. मला तो सलतो. मिलानच्या चित्रकाराचा हा मुलगा. वडिलांबरोबर तिथल्या कॅथेड्रलच्या रंगीत काचांचे नमुने करायचा. 1562 मध्ये व्हिएन्नाला गेला, तीन सम्राटांची पंचवीस वर्षं चाकरी केली, दरबारी सोहळ्यांचे पोशाख आखले. 1585 मध्ये सम्राट रुडॉल्फला अर्पण केलेल्या पोशाखांच्या 148 रेखाटनांचा संग्रह आजही फ्लॉरेन्सच्या उफीत्सी संग्रहालयात आहे. हा कामात बुडालेला माणूस होता. वेगळं पाहणाऱ्याला विक्षिप्त म्हटलं की त्याने काय पाहिलं ते बघण्यापासून आपण सुटतो.

संध्याकाळी इटलीतल्या क्रेमोनाच्या संग्रहालयातल्या त्याच्या चित्राचं पान काढलं. काळ्या भांड्यात कांदे, कंद, पालेभाज्या. पुस्तक उलटं केलं. भांड्याची टोपी झाली, कांद्याचे गाल, जाड कंदाचं नाक, पाल्याची दाढी, आणि एक गुबगुबीत माळी माझ्याकडे बघू लागला. पुन्हा सुलटं केलं. भाजी. आठ-दहा वेळा केलं असेल. भिंतीवरचं चित्र असं फिरवता येत नाही, तिथे पाहणाऱ्यालाच मान वाकडी करावी लागते किंवा खाली आरसा लागतो. छापलेल्या पानावर मूळ रंग उतरत नाहीत, आकार हरवतो, पोत तर नाहीच. पण हे एक चित्र हातात धरून फिरवण्याचं सुख पुस्तकच देतं. आईनेही दोनदा फिरवून पाहिलं. दुसऱ्यांदा काहीच बोलली नाही, नुसती बघत राहिली.

शेवटचं पान 'व्हर्तुम्नुस'चं. म्हातारपणी मिलानला परतल्यावर, 1591 मध्ये, त्याने रुडॉल्फला ऋतुदेवता म्हणून रंगवलं. सगळ्या ऋतूंची फळं-फुलं एकाच वेळी पिकलेली. सम्राटाला राग आला नाही. पुढच्याच वर्षी त्याने चित्रकाराला काउंट पॅलटाइनचा किताब दिला. 1593 च्या जुलैत आर्चिम्बोल्दो गेला. 1648 मध्ये स्वीडिश सैन्याने रुडॉल्फच्या दरबाराचं शहर प्राग लुटलं, आणि हे चित्र आज स्वीडनमधल्या स्कोक्लोस्टर वाड्यात आहे.

पुस्तक गुरुवारी परत करायचं आहे. आत्ता ते जेवणाच्या टेबलावर क्रेमोनाच्या पानावर उघडं आहे. पाणी प्यायला उठले तेव्हा पाहिलं, कुणीतरी ते उलटं फिरवून ठेवलंय. स्वयंपाकघरातला दिवा अजून चालू आहे.