उरलेली टेप

आवडत्या दहा अल्बमांची यादी करायला बसलं की आमच्या इंदूरच्या मराठी घरांत पहिली दोन नावं न विचारता लिहून टाकायची असतात. एक कुमारजी, म्हणजे कुमार गंधर्व, दुसरे अमीर खाँसाहेब. आवडीचा प्रश्न नंतर. कुमारजी 1948 साली देवासला आले ते शेवटपर्यंत तिथलेच झाले, आणि देवास म्हणजे इथून तासाभराची वाट. खाँसाहेबांच्या गायकीला तर लोक इंदूर घराणंच म्हणतात. यांना यादीत घेतलं नाही तर वास्तुशांतीला शेजारच्यांनाच बोलवायचं राहिलं असं होईल. तिसरी जागा लताबाईंची, कारण त्यांचा 1929 चा जन्म इथल्या शीख मोहल्ल्यातला. त्या लहानपणीच इथून गेल्या, पण ‘जन्म इथला’ हे इंदूरचा माणूस इतकं ठासून सांगतो की पुढचं विचारायची कोणाची छाती होत नाही. किशोरकुमार ख्रिश्चन कॉलेजात शिकला म्हणून चौथी जागा मागणारेही आमच्या नात्यात आहेत. म्हणजे दहातल्या चार जागा पालिकेच्या हद्दीतच संपल्या. उरलेल्या सहांत अख्खं जग बसवा.

या वेळी यादीचं खूळ मुलीने आणलं. दिवाळीला घरी आली, फराळाचं ताट पुढ्यात घेतलं आणि म्हणाली, प्रत्येकाने दहा सांगायचे. वर नियमही तिचेच. ‘निवडक गाणी’वाले संग्रह चालणार नाहीत. आणि अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मधलं काहीही न गाळता, पुन्हा पुन्हा ऐकलेला हवा.

या दुसऱ्या नियमाने घरात शांतता पसरली. कारण यादी म्हटली की आवडीपेक्षा अब्रू आधी हजर होते. बैठकीच्या खोलीत पुस्तकं कुठली दिसावीत हे आपण जसं ठरवतो तसंच हे. आमचे हे अमीर खाँसाहेबांचा मारवा म्हणजे जीव की प्राण म्हणून सांगतात. 1960 ची ती लाँग प्ले, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. सासऱ्यांची रेकॉर्ड, घरात अजून आहे. मारव्याला हे डोळे मिटून मान डोलावतात हे मी पाहिलंय. दरबारीला घोरतात हेही पाहिलंय.

पण मी मात्र ती रेकॉर्ड यादीत ठेवली, आणि अब्रूसाठी नाही. मारव्यात पंचम, म्हणजे ‘प’, नाही, आणि षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, ते येता येता टाळतात. म्हणजे हात वीतभर अंतरावर आला की मागे. झुमऱ्याचा तो अतिविलंबित ठेका, पुढची मात्रा येते की नाही अशी शंका यावी इतका संथ. दिवेलागणीला ऐकलं तर घरात जीव लागत नाही. उठून उगाच गच्चीवर जाऊन यावंसं वाटतं. मग बाजू संपते, सुई नुसतीच खरखरत फिरते, कोणीतरी उठून रेकॉर्ड उलटतं, मखमलीच्या तुकड्याने धूळ पुसतं, आणि दरबारी सुरू होतो तेव्हा मध्यरात्र झालेली असते. संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंतचा सगळा वेळ त्या उलटण्यात गेला. ही करामत एका रागाची नाही, दोन बाजूंची आहे. ज्याने मारवा मोबाइलवर ऐकला आणि नंतर लगेच त्याला बँकेची जाहिरात लागली, त्याला काय सांगणार?

कुमारजींच्या बाबतीत माझी तक्रार आहे आणि ती गाववाल्यांविरुद्ध आहे. क्षयाने अंथरुणाला खिळलेल्या त्या वर्षांत त्यांना गाणं बंद होतं. कान मात्र उघडे होते. माळव्यातल्या बायांची गाणी, रस्त्याने जाणाऱ्या नाथपंथी जोग्यांचे सूर हे सगळं तिथे पडल्या पडल्या साठत गेलं आणि पुढे निर्गुणी भजनांतून बाहेर आलं. आता आमच्याकडे कोणी गेलं की शोकसभेत ‘उड जाएगा हंस अकेला’ लागलंच म्हणून समजा. हार घातलेला फोटो, उदबत्ती, पांढऱ्या चादरी आणि तो हंस. चारपाच शोकसभा झाल्या की त्या भजनाला चादरींचा वास येऊ लागतो आणि माणूस बाकीच्या भजनांकडे वळतच नाही. मग ‘अवधूता, गगन घटा गहरानी’ ऐकायचं राहून जातं, ज्यात कुमारजी ढग नुसते दाखवत नाहीत, आपल्याच गच्चीवर आणून सोडतात. म्हणून मी निर्गुणी भजनांची ती कॅसेट मुद्दाम शेवटाकडून लावते. नियमात बसतं का? मुलगी म्हणाली, बसतं, सगळं ऐकलंस ना.

आईला तिच्या खोलीत जाऊन विचारलं तर तिने एका शब्दात सांगितलं, गीतरामायण. आणि पुढे? पुढे काही नाही. इंदुरात छप्पन म्हटलं की लोकांना खाण्याची दुकानं आठवतात; आईला गदिमांची गीतं आठवतात. 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं आणि वर्षभर दर आठवड्याला एक गीत. रेडिओवर वेगवेगळे गायक होते, रेकॉर्डवर सगळी बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, आवाजात. हा एक अल्बम धरायचा की दहाच्या दहा जागा त्यालाच द्यायच्या, यावर थोडा खल झाला. आईला खल मान्य नव्हता. “त्यात काय गाळायचं? वनवास गाळायचा का?”

तिला भाच्याने गाणी भरलेला तो रेडिओसारखा डबा आणून दिलाय. पाच हजार गाणी, बटण फिरवलं की गायक बदलतो. आईला तो आवडत नाही. गाणी सगळी आहेत, पण कुठल्यामागून कुठलं येतं ते गेलं. एक संपलं की दुसरं आपल्या मनात आधी सुरू व्हायला हवं, आणि तिथे भलतंच लागतं. यावर मी तिच्या बाजूची.

यांची खरी आवड निघाली ‘कॉल ऑफ द व्हॅली’. 1967 ची. शिवकुमारांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार. काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेच्या अहिरभैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. एच.एम.व्ही.त हे घडवून आणणारे जी. एन. जोशी, म्हणजे आपले भावगीतवाले, हे सांगताना यांची छाती अशी फुगते की जणू वाटाघाटी यांनीच केल्या होत्या. पण रेकॉर्ड खरोखर सबंध आहे, त्यात वाद नाही. मेंढपाळाचा दिवस दुपारीच बंद करून चालत नाही.

मुलीच्या यादीत रहमान तीनदा. त्याबद्दल मी बोलत नाही, कारण बोलले की ती ‘आई, तू ते पूर्ण ऐकलंस का’ असं विचारते. तिचाच नियम, तिच्याच हातात काठी. मात्र ‘गारवा’ तिने घेतला याचा मला आनंद झाला. 1998 मध्ये तो आला तेव्हा आमच्याकडे पावसाचे चार थेंब पडले की कोणाच्या ना कोणाच्या खिडकीतून तेच. त्यात मिलिंद इंगळेंच्या गाण्यांच्या मध्ये सौमित्र कविता म्हणतो. माझ्या मैत्रिणी ते बोलणं पुढे ढकलून गाण्यावर जायच्या. मीही जायचे, पण आमच्या टेपरेकॉर्डरचं पुढे पळवायचं बटण बसकं होतं. दाबलं की वर येईना, आणि जरा जास्त दाबलं तर टेप आत गुंडाळायची. मग पेन्सिल घ्या, कॅसेटच्या दातऱ्या चक्रात अडकवा आणि गोल गोल फिरवत बसा. त्यापेक्षा ऐकून घेतलेलं बरं. ऐकता ऐकता असं झालं की गाणं संपत आलं की मी कवितेची वाट बघायला लागले.

या यादीतल्या जवळजवळ सगळ्या अल्बमांचं असंच आहे. जे गाणं पहिल्या दिवशी आवडलं त्याच्यामुळे कॅसेट घरात आली. जे आवडलं नव्हतं आणि टाळता आलं नाही त्याच्यामुळे ती घरात राहिली. लताबाई आणि संगीतकार श्रीनिवास खळे यांच्या ‘अभंग तुकयाचे’मध्ये ‘भेटी लागी जीवा’साठी सगळे जातात. मीही त्यासाठीच गेले. ‘कमोदिनी काय जाणे तो परिमळ’ तेव्हा मला अगदीच सपक वाटायचं. भांडी घासताना हात साबणाचे असायचे म्हणून बंद करता यायचं नाही. एक दिवस लक्षात आलं, की मी नळ बंद करून उभी आहे आणि तेच ऐकतेय.

आता या कॅसेटबद्दल सांगितलंच पाहिजे. कंपनीची छापील कॅसेट नव्हती ती. तेव्हा राजवाड्याच्या मागच्या एका गल्लीत गाणी भरून देणारा बसायचा. आपण रेकॉर्ड किंवा गाण्यांची चिठ्ठी द्यायची, कोरी कॅसेट द्यायची, आणि दोन दिवसांनी जायचं. यालाच चोरी म्हणतात हे कोणाच्या गावीही नव्हतं. उलट घरातल्या मोठ्या माणसांनीच पैसे दिलेले असायचे. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे बाजूला तीस मिनिटं. लाँग प्लेची बाजू वीस-बावीस मिनिटांची. उरली आठ-दहा मिनिटं. पहिल्या बाजूच्या उरल्या जागेत त्याने लताबाईंचीच भजनं घातली. दुसऱ्या बाजूला मात्र त्याच्या हाताशी काय असेल देव जाणे. तुकोबांचा शेवटचा अभंग संपतो, टाळ विरतात, एक ‘टक’ असा आवाज येतो आणि नाझिया हसन सुरू होते. ‘डिस्को दीवाने’!

ते 1981 चं गाणं आमच्या आळीत नवीन नव्हतं, पण तुकोबांच्या पाठीवर ते पहिल्यांदाच बसलेलं. मी तणतणत गेले. तो शांतपणे म्हणाला, “दीदी, टेप खाली क्यूँ छोड़ना? पैसे तो पूरी के दिए हैं न आपने.” हिशेब चोख होता. कॅसेटच्या कागदावर त्याने निळ्या बॉलपेनने फक्त ‘लता-अभंग’ लिहिलं होतं. डिस्कोचा उल्लेख नाही. सासूबाई एकादशीला ही कॅसेट लावायच्या आणि बाजू संपेपर्यंत उठायच्या नाहीत. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने गायलेलं ते गाणं त्यांनी शेवटपर्यंत हात जोडूनच ऐकलं. एकदा फक्त म्हणाल्या, “ही बाई कोण गं? हिचा ताल चांगला आहे.”

म्हणून मी यादीत लिहिताना ‘अभंग तुकयाचे’ डिस्को दीवानेसह असं लिहिलं. मुलीने हरकत घेतली. म्हणाली, हे चालणार नाही, ते मूळ अल्बमात नाही, उद्या तू कॅसेटमधली खरखरही धरशील.

खरखर मी धरणारच होते, पण तेवढ्यात धाकटे दीर मदतीला आले. ते इंजिनिअरिंगला असताना त्यांच्या हॉस्टेलच्या खोलीत बीटल्सचा ‘ॲबी रोड’ अहोरात्र वाजायचा. 1969 चा. त्यातल्या दुसऱ्या बाजूला सोळाएक मिनिटांची छोट्या छोट्या गाण्यांची माळ आहे, एकातून दुसरं निघतं. त्या माळेत एक तेवीस सेकंदांचं गाणं होतं, ‘हर मॅजेस्टी’. मॅकार्टनीला ते तिथे नको वाटलं, त्याने काढून टाकायला सांगितलं. पण बीटल्सचं काहीही फेकायचं नाही असा स्टुडिओतल्या पोराला दंडक होता. त्याने तो तुकडा रिळाच्या अगदी शेवटी, मध्ये थोडी कोरी टेप सोडून, चिकटवून ठेवला. चाचणीच्या तबकडीवर तो तसाच उतरला. माळ संपते, बराच वेळ काही नाही, आणि मग अचानक ते गाणं. बीटल्सना ते आवडलं, त्यांनी तसंच राहू दिलं. सुरुवातीच्या कव्हरांवर तर त्याचं नावही छापलेलं नव्हतं.

“म्हणजे वहिनी,” दीर म्हणाले, “तुमचा गल्लीतला माणूस आणि लंडनच्या स्टुडिओतलं ते पोरगं, दोघांचा धंदा एकच. टेप वाया घालवायची नाही.”

मुलगी म्हणाली, पण काका, बीटल्सनी स्वतः संमती दिली होती. खळ्यांनी दिली होती का? लताबाईंनी? तुकोबांनी?

तुकोबांचं मी सांगू शकत नाही. एकादशीला हात जोडून ऐकणाऱ्या सासूबाईंची होती, आणि ती कॅसेट त्यांची होती. शिवाय आज कुठेही, कुणाच्याही तोंडून तो शेवटचा अभंग ऐकला की संपल्यावर माझा पाय जमिनीवर ठेका धरतो. मागच्या आषाढीला देवळात धरला. शेजारच्या काकूंनी बघितलं, पण त्यांना वाटलं मी तल्लीन झालेय. तेव्हा यादीत सहावा क्रमांक तसाच राहिलाय, डिस्कोसकट, आणि मुलीने त्याच्यापुढे लाल पेनने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.