नळीतलं पाणी

तळजाईवर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या गटात मी सीपॅप (झोपेत श्वास अडखळू नये म्हणून नळी आणि मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) लावून झोपते हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे ज्यांच्या घरी नवं मशीन येतं, ते महिन्याभरात मला गाठतातच. प्रश्न ठरलेला असतो: "काकू, रात्री नळीत पाणी जमतं, नाकावर थेंब येतो. तुम्हाला नाही होत? सहा वर्षं कशा झोपता तुम्ही?" सगळेच विचारतात म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

मलाही होत होतं. पहिल्याच डिसेंबरात, रात्री अडीचच्या सुमारास कानाशी हुक्क्यासारखी गुडगुड ऐकू आली आणि पाठोपाठ वरच्या ओठावर गार थेंब पडला. दिवा लावून नळी उजेडात धरली, तर मधल्या झोळात दोन चमचे तरी पाणी साचलेलं. मास्क काढला, नळी बाथरूममध्ये नेऊन झटकली, पुन्हा लावली. पहाटे पाचला परत तेच. दुसऱ्या दिवशी दुकानात फोन केला तर म्हणाले, "ह्युमिडिफायर बंदच करून टाका." मशीनचा हा भाग टाकीतलं पाणी तापवून हवेला ओलावा देतो. मी तो बंद केला. पाणी थांबलं, पण चौथ्या दिवशी नाक शिंकरलं तेव्हा रुमालावर रक्ताचा ठिपका होता.

अनेक जण इथेच मशीन सोडतात. ओलावा ठेवला तर पाणी, बंद केला तर नाक कोरडं. मग मशीन बिघडलंय किंवा आपल्याला सोसत नाही, असं वाटतं आणि ते माळ्यावर जातं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण दोष बहुतेक वेळा मशीनचाही नसतो आणि माणसाचाही नसतो. उन्हाळ्यात पाण्याच्या गार तांब्याला बाहेरून घाम फुटतो ना, नळीत तेच उलट्या बाजूने होतं. टाकीतलं पाणी तापतं, गरम दमट हवा सहा फूट नळीतून येते, आणि पुण्याच्या थंडीत ती नळी बाहेरून गार पडलेली असते. गार भिंतीला हवा टेकली की वाफेचं पाणी होतं. म्हणजे ओलावा जास्त झाला असंच नसतं, पुष्कळदा नळी गार पडलेली असते.

म्हणून मी आधी नळीकडे बघते. माझ्या धाकट्या जावेने जुन्या लोकरी शालीची लांब खोळ शिवून दिली, तक्क्याला असते तशी, एका बाजूला नाडी. ती चढवल्यावर निम्मं पाणी कमी झालं. नळीचा बराचसा भाग पांघरुणाखालून घेते. मशीन पलंगाशेजारच्या उंच टेबलावर होतं, ते खाली बुटक्या स्टुलावर आणलं, म्हणजे जे काही पाणी जमेल ते तोंडाकडे न येता उतरून टाकीकडे जातं. पुढे तापणारी नळी घेतली. तिचं तापमान माझ्या मशीनवर 16 ते 30 अंशांपर्यंत ठेवता येतं. थंडीत नळी एक-दोन अंशांनी वाढवायची, तरीही थेंब आलाच तर मग ओलावा एका आकड्याने उतरवायचा. एका रात्री एकच बदल. दोन्ही एकदम फिरवलं तर कशाने गुण आला ते कळत नाही.

हे आकडे मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहिते. तारखेच्या चौकटीत दूधवाल्याच्या खाड्याखाली बारीक अक्षरात "ओ 4, न 28". सहा वर्षांच्या या नोंदींतून एक गोष्ट मला स्पष्ट दिसते: पुण्यात एकच सेटिंग वर्षभर चालत नाही. पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की ओलावा 2 वर आणला तरी पुरतो. एप्रिल-मेमध्ये तोच 6 करावा लागतो आणि सकाळी टाकी जवळजवळ रिकामी झालेली असते. एसी लावून झोपणाऱ्यांचं सगळ्यात अवघड, कारण एसी हवा कोरडीही करतो आणि नळी गारही करतो. त्यांनी झोत निदान नळीवर येऊ देऊ नये.

आता दाबाचं. तो आपण फिरवायचा नाही. झोपेची तपासणी करून डॉक्टर तो ठरवतात. माझा 9 आहे (सेंटिमीटर पाण्याच्या मापात). माझा श्वास तासाला 34 वेळा अडखळत होता, आता तीनच्या आत असतो, तो या दाबामुळे. पण त्या दाबापर्यंत पोचायचं कसं, हे पुष्कळसं आपल्या सोयीने ठरवता येतं. रॅम्प नावाची सोय असते: मशीन 4 पासून सुरू होतं आणि हळूहळू चढतं. मी वीस मिनिटं ठेवते, तेवढ्यात मला झोप लागते. दुसरी सोय श्वास सोडताना दाब थोडा उतरवण्याची. सुरुवातीला समोरच्या वाऱ्यावर फुंकर मारल्यासारखं वाटायचं, ते हिच्यामुळे गेलं. ही मात्र डॉक्टरांना विचारूनच लावा.

मास्क बसून बांधू नका. आडवं व्हा, मशीन सुरू करा, हवा भरू द्या आणि मग पट्टे जुळवा. हवा सुटली की माणूस पट्टा आवळतो, आणि आवळल्याने मास्कची मऊ गादी चुरगळून हवा आणखी सुटते. रात्री चेहऱ्याला खोबरेल तेल किंवा क्रीम लावायची सवय असेल तर मास्क घसरतो. चेहरा धुऊन झोपा. तोंड उघडं राहत असेल तर नाकाचा मास्क लावूनही हवा तोंडाने निघून जाते, नाक आणखी कोरडं पडतं, कोरडं पडलं की सुजून चोंदतं आणि तोंड आणखी उघडतं. अशा वेळी ओलावा वाढवत बसण्यापेक्षा मास्कचा प्रकार बदलून बघावा.

कॉलिन सलिव्हन यांनी सिडनीत 1980 मध्ये हा उपचार पहिल्यांदा करून पाहिला तेव्हा व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती, आणि सुरुवातीच्या रुग्णांचे मास्क रोज रात्री नाकाला चिकटवावे लागत. ती माणसं तरीही टिकली, कारण सकाळी डोकं हलकं असायचं. त्या हलकेपणाची किंमत मला कळते. पन्नाशीनंतर मी दुपारी बँकेत काउंटरवर पेंगायची, आणि "बायका कुठे घोरतात एवढ्या" म्हणून दोन वर्षं कोणी तपासणी करायला सांगितली नाही. पाळी गेल्यावर हा त्रास बायकांमध्ये वाढतो, हे तेव्हा मला माहीत असायला हवं होतं.

टाकीत डिस्टिल्ड वॉटरच घाला. आमच्याकडे बोअरचं पाणी आठवड्यात टाकीच्या तळाला पांढरा थर धरतं, आणि आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतातच. रोज सकाळी उरलेलं ओतून द्यायचं, टाकी साबणाने धुऊन उघडी ठेवायची. नळी आठवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्यात. पावसाळ्यात ती दोन दिवस वाळत नाही, म्हणून मी जेवणाच्या खोलीत पंख्याखाली दोरीवर टांगते. उन्हात नाही, प्लास्टिक कडक होतं.

लाइट गेली तर गुदमरायला होईल का, असंही विचारतात. मास्कला श्वास सोडायची बारीक छिद्रं असतात आणि तोंड-नाक झाकणाऱ्या मास्कला हवा आत घेणारी झडपही असते. हवा बंद झाली की माणूस बहुतेक वेळा जागा होतो. मास्क काढून ठेवायचा.

आणि गावाला निघताना टाकी आठवणीने रिकामी करा. कोल्हापूरला लग्नाला जाताना मी विसरले होते. खंबाटकी घाटात बॅग आडवी झाली आणि पाणी मशीनच्या आत गेलं. दोन दिवस ते वाळवत ठेवलं, परत आल्यावर तपासून घेतलं आणि मगच सुरू केलं, पण त्या लग्नातल्या दोन्ही रात्री मी बसूनच काढल्या.