तुम्ही विचारलंत म्हणून: एकही मत न पडलेल्या बाईंचं एवढं कौतुक कशाला?

विधान परिषदेचा धडा आला की मी उत्तर आयर्लंडच्या नूला ओलोन यांची गोष्ट सांगते, या बाई निवडणूक न लढवता नेमणुकीनं ब्रिटनच्या संसदेत गेल्या, आणि मग मुलंच काय पालकसुद्धा विचारतात, मॅडम, लोकांनी निवडूनच दिलं नाही तर त्यांचं एवढं कौतुक कशाला?

बाई कायद्याच्या प्राध्यापिका. १९७७ साली त्या शिकवत होत्या त्या कॉलेजात बॉम्ब फुटला, तेव्हा त्या गरोदर होत्या, बाळ गेलं. पुढे १९९०च्या दशकात त्यांनी पोलीस ठाण्यांना भेटी द्यायचं काम घेतलं. म्हणजे साधे नागरिक न कळवता ठाण्यात जाणार, कोठडीत कोण आहे, कधी आणलं, जेवण दिलं का, डॉक्टरला दाखवलं का हे त्या माणसाला विचारणार आणि रजिस्टरशी ताडून बघणार, बस्स.

मला हे एवढं का भिडतं सांगते. माझ्या धाकट्या भावाला एकदा चौकशीसाठी नेलं आणि रात्रभर बाकड्यावर बसवून ठेवलं, डायरीत नोंद नाही, सकाळी वडील गेले तर म्हणाले इथे आणलंच नव्हतं. त्या रात्री बाहेरचं कुणीतरी आत येऊन नुसतं विचारू शकलं असतं तरी पुरे होतं हो.

२००० साली ओलोनबाई तिथल्या पहिल्या पोलीस लोकपाल झाल्या, म्हणजे पोलिसांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या, स्वतःचे तपास अधिकारी, अटकेचे अधिकार, सगळं पोलिसांपासून वेगळं. तिथल्या ओमा गावातल्या १९९८च्या बॉम्बस्फोटात २९ माणसं गेली होती, त्याआधी आलेल्या खबरींवर पोलिसांनी नीट काही केलं नाही असं त्यांनी २००१ मध्ये लिहून दिलं, पोलीसप्रमुख भयंकर चिडले. मग मुलाचा खून झालेल्या एका बापाच्या तक्रारीवरून चौकशी लावली आणि २००७ मध्ये सांगितलं की पोलिसांच्या स्पेशल ब्रँचनं, म्हणजे गुप्त माहिती काढणाऱ्या शाखेनं, खुनात अडकलेल्या खबऱ्यांना पाठीशी घातलं. आता मला सांगा, असं काम केलेली बाई उद्या मतं मागायला निघाली तर कुठला पक्ष तिला तिकीट देईल? २००९ साली त्या हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे ब्रिटनच्या संसदेच्या वरच्या सभागृहात, नेमणुकीनं गेल्या, कुठल्याच पक्षाच्या नाहीत अशा क्रॉसबेंचवर बसतात. नेमणुकीची जागा असावी तर अशा माणसासाठी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडेही राज्यपाल विधान परिषदेवर १२ जण नेमतात, घटनेत साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा असं स्वच्छ लिहिलंय, पण २०२० मध्ये मंत्रिमंडळानं पाठवलेली नावं कितीतरी दिवस नुसती पडून राहिली आणि सगळी चर्चा कुठल्या पक्षाचे किती एवढीच. याचं मला फार वाईट वाटतं.

आणि पोलिसांविरुद्ध दाद मागायला राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आपल्या कायद्यातही २०१४ पासून आहे. वर्गात विचारलं कुणी नाव ऐकलंय का, तर एकही हात वर आला नाही. पुढच्या तासाला तेच घेणार आहे, तक्रारअर्ज कसा लिहायचा इथपासून.