अर्धवट खोप्याचं गुपित

सुगरण पक्ष्याचं नाव बाईचं, पण खोपा विणतो नर. आणि तोही एक विणून थांबत नाही. हे नीट टिपून ठेवलं पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी, आपल्या अलिबागजवळच्या किहीमला, १९३० च्या पावसाळ्यात. बर्लिनला जर्मन पक्षितज्ज्ञ स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकून ते परतले, तर मुंबईच्या म्युझियममधली त्यांची गाइड-लेक्चररची जागा पैशाअभावी बंद झालेली. मग मुक्काम पत्नी तहमीना यांच्या किहीमच्या घरी. नोकरी टिकली असती तर पावसाळाभर खोप्यांकडे बघत बसायला सवड कुठली!

लावणी उरकून भात जरा वर आलं की नर पात्याच्या बुडाशी चोचीने खाच पाडतो, कड चोचीत धरून उडतो, आणि लांब धांदोटी फाटून येते. अशा धांदोट्यांची फांदीला गाठ, मग उभं कडं, मग त्यावर टोपीसारखं छप्पर. इथवर आठेक दिवस जातात. आता काम थांबतं. पिवळ्या डोक्याचे नर अर्धवट खोप्यांना लटकून पंख फडफडवत ओरडतात, माद्या आत शिरून तपासतात. पसंती मिळाली तरच अंड्यांची खोली बंद होते आणि खाली नळी उतरते. मादी अंड्यांवर बसली की स्वारी दुसऱ्या खोप्याच्या कामाला! अंडी उबवणं एकट्या मादीकडेच.

गावात अर्धवट खोप्याला नराचा झोका म्हणतात. कल्पना गोड आहे, पण तो बहुतेक वेळा नापसंत पडलेला खोपा असतो.

म्हणूनच खोपे मोजून जोड्या किती ते सांगता येत नाही. नळीवाले वेगळे, टोपीवाले वेगळे मोजा. झाडाचा नकाशा काढून प्रत्येक खोप्याला नंबर द्या आणि रोज ठरावीक वेळी टिपण करा. एखादा दिवस चुकला तरी अर्धवट खोपा पुरा झाला की पडला, हे कळायचं राहून जातं. विहिरीवर किंवा खाचरावर झुकलेली शिंदी, बाभूळ, माड आधी बघा, तेही पूर्वेच्या अंगाने. नैर्ऋत्येचा वारा तिथे कमी लागतो, खोपे बहुधा तिकडेच असतात. फार जवळ उभं राहिलात तर मादी आत जातच नाही आणि टिपण फुकट.

दिवाणखान्यात टांगायला खोपा हवाच असेल तर दिवाळीनंतर काढा. तेव्हाही आधी खालून नीट बघा, रिकाम्या खोप्यात कधी कधी मुनिया पक्ष्यांनी बिऱ्हाड थाटलेलं असतं.