मेथीच्या लाडवांची रील आणि वकिलाची नोटीस

नोटिशीचा मेल आला तेव्हा गॅसवर गुळाचा पाक होता. तो करपला.

इंदूरला लोकमान्य नगरात मी घरून मेथीचे लाडू, भाजणी, मेतकूट विकते. ऑर्डरी बहुतेक इन्स्टाग्रामवरून. लाडू वळतानाच्या रीलवर जुनं हिंदी गाणं हवं होतं, पण बिझनेस अकाउंटच्या यादीत ते दिसेना. भाच्यानं दुसऱ्या ॲपमधून चिकटवून दिलं. "तीस सेकंदांच्या आत चालतं, मावशी!"

नाही चालत. गाण्याचे हक्क असलेल्या कंपनीच्या वकिलांनी लिहिलं होतं: रील काढा, सात दिवसांत भरपाई द्या. रक्कम माझ्या दोन महिन्यांच्या विक्रीएवढी.

मी रील उडवणारच होते, पण शेजारच्या वकीलकाकांनी हात धरला. आधी स्क्रीनशॉट घे, तारीख, व्ह्यूज सगळं जपून ठेव, मग काढ. आणि मेलला तू स्वतः उत्तर देऊ नकोस, 'सॉरी' एवढंसुद्धा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तीस सेकंदांची सूट कुठेच नाही, हे त्यांच्याकडूनच कळलं. एका गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण, तिघांचे हक्क वेगळे. जाणूनबुजून वापरलं तर कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. मी पाणी मागितलं. "त्यांना तुला आत टाकायचं नाहीये गं, पैसे हवेत," काका म्हणाले.

काकांनी उत्तरात हक्काचे कागद मागितले, व्ह्यूज आणि विक्रीचे आकडे मांडले. दोन-तीन पत्रांनंतर तिसऱ्या हिश्श्यावर मिटलं. सही करण्याआधी त्यांनी 'या रीलबाबत पुढे कोणताही दावा राहणार नाही' ही ओळ आवर्जून घालून घेतली.

मग ते माझं अकाउंट चाळत बसले आणि खरी पंचाईत तिथे निघाली. 'शुगर हमखास कमी' असं मी लाडवांखाली लिहिलं होतं. खाण्याच्या वस्तूनं आजार बरा होतो असं जाहिरातीत म्हणता येत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्नसुरक्षा कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे. गाण्यापेक्षा हे महागात पडलं असतं! एका कॉलेजच्या मुलीला फुकट डबा देऊन रील करून घेतली होती, तीही जाहिरातच. तिनं तसं स्पष्ट लिहायला हवं होतं. भाच्यानं हौसेनं काढलेल्या फोटोंचे हक्कसुद्धा त्याचेच, म्हणून त्याच्याकडून लेखी परवानगी घेतली. त्यात त्यानं 'दर फोटोला एक लाडू' अशी अट घातली.

आता लाडवांखाली एवढंच असतं: मेथी, गूळ, तूप, डिंक. अर्धा किलो. ऑर्डरी जवळजवळ तेवढ्याच येतात.