फी अडली ती दुपार

बार्शीतल्या एका अभ्यासिकेतून दुपारी साडेतीनला फोन आला. चालक म्हणाले, "सर, तुम्ही ते बसवल्यापासून नेट पळतंय, पण एका मुलीची परीक्षा फी काही केल्या भरली जात नाहीये. आज शेवटची तारीख आहे." ते म्हणजे पाय-होल, अख्ख्या नेटवर्कसाठी चालणारं एक सॉफ्टवेअर. जाहिराती आणि ट्रॅकर (म्हणजे माणसाचा माग काढणाऱ्या स्क्रिप्ट) अडवायला आठच दिवसांपूर्वी मी ते तिथे लावलं होतं.

मूळ तक्रार नेहमीचीच होती, नेट स्लो आहे. चौदा संगणक, प्रत्येकी 4 जीबी रॅम. लाइन देणाऱ्या माणसाने मोठा प्लॅन घ्या एवढंच सांगून ठेवलं होतं. लाइन तपासली तर ती ठरलेला वेग पुरेपूर देत होती. मग नोकरभरतीच्या बातम्या देणारं एक पान उघडलं, एफ-12 दाबून नेटवर्कच्या टॅबमध्ये बघितलं. एका पानासाठी तीनशेच्या वर विनंत्या, आणि वाचायचा मजकूर दोन परिच्छेद! बाकी सगळं जाहिराती, ट्रॅकर आणि आपोआप सुरू होणारा व्हिडिओ. अशी सहा टॅब उघडली की 4 जीबी रॅम संपते आणि हार्डडिस्क घरघरत बसते. प्लॅन कितीही वाढवा, त्यावर तो इलाज नाही.

वेगापेक्षा मला काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटली. अशा पानांवर 'प्रवेशपत्र डाउनलोड करा' असं मोठं हिरवं बटण असतं ते बहुतेकदा जाहिरातीचं, खरी लिंक खाली बारीक अक्षरांत. बटण दाबलं की 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करायला अलाउ दाबा'. मुलं दाबतात. त्यातून त्या साइटला नोटिफिकेशनची परवानगी मिळते आणि पडद्याच्या कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात पाच व्हायरस' सुरू होतं. चौदापैकी नऊ मशीनवर हे होतं. अँटिव्हायरसला यात काही सापडत नाही, कारण हा व्हायरस नाही, दिलेली परवानगी आहे. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जाऊन ती काढली की दोन मिनिटांत थांबतं. एका दुकानदाराने याच कारणासाठी एक मशीन फॉरमॅट करून पैसे घेतले होते. याचा मला राग आहे. अमेरिकेच्या एफबीआयनेही डिसेंबर 2022 मध्ये शोधनिकालांतल्या बनावट जाहिरातींबद्दल इशारा देताना ॲड ब्लॉकर वापरा, असा सल्ला दिला होता.

काम दोन थरांत केलं. पहिला थर डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा नेटवरचा आकडी पत्ता सांगणाऱ्या सेवेचा. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर पाय-होल, पत्ता पक्का 192.168.1.2, राउटर जे पत्ते वाटतो त्या रेंजच्या बाहेरचा. त्याच्याकडे अडवायच्या पत्त्यांची यादी असते. यादीतल्या पत्त्याची विचारणा आली की पाय-होल 0.0.0.0 असं, कुठेच न नेणारं उत्तर देतं, म्हणजे जाहिरात खाली उतरतच नाही. इथे लोक हटकून एक चूक करतात. राउटरच्या डीएचसीपीमध्ये, म्हणजे संगणकांना पत्ते वाटण्याच्या सेटिंगमध्ये, पहिला डीएनएस पाय-होलचा आणि दुसरा 'सेफ्टीसाठी' गूगलचा 8.8.8.8. विंडोज वाटेल तेव्हा दुसऱ्याला विचारतं आणि जाहिराती अधूनमधून परत दिसतात. दुसरी जागा रिकामी ठेवा. राउटर रिकामी ठेवू देत नसेल तर तोच पत्ता दोनदा भरा. आयपीव्ही6 ही पत्त्यांची नवी पद्धत चालू असेल तर राउटर तिकडून स्वतःचाच डीएनएस वाटत असतो, तेही बंद करावं लागतं. खात्रीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये एनएसलुकअप ही कमांड चालवायची, सर्व्हरखालच्या ॲड्रेसच्या ओळीत 192.168.1.2 दिसलंच पाहिजे. आणि रास्पबेरी पाय ज्या यूपीएसवर राउटर आहे त्याच यूपीएसवर हवा. लाइट गेली, राउटर चालू आणि पाय बंद, की चौदाही मशीनवर नेट गेल्यासारखंच.

दुसरा थर फायरफॉक्स ब्राउझर आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन. क्रोमने जुनी एक्स्टेंशन पद्धत बंद केल्यापासून तिथे त्याची फक्त लाइट आवृत्ती चालते. फायरफॉक्सच्या पॉलिसी फाइलमधून एक्स्टेंशन सक्तीने बसवलं, नव्या नोटिफिकेशनच्या विनंत्या बंद केल्या आणि ब्राउझरचा स्वतःचा एन्क्रिप्टेड डीएनएसही बंद केला, नाहीतर तो पाय-होलला वळसा घालून जातो. रेमंड हिल हा माणूस यूब्लॉक ओरिजिन देणग्या न घेता सांभाळतो, याबद्दल मला मनापासून आदर आहे.

आता ती फी. बँकेच्या पानाकडे जाताना चक्र फिरत राहायचं आणि थोड्या वेळाने 'व्यवहार अपूर्ण'. मुलीने कार्डाचा नंबर तीनदा भरला होता. आपलंच काही चुकतंय असं तिला वाटत होतं, आणि पैसे दोनदा कापले जातील या भीतीने ती चौथ्यांदा भरायला तयार नव्हती. ब्लॉकिंग पाच मिनिटं थांबवायची सोय पाय-होलच्या पानावरच आहे, पण त्याचा पासवर्ड फक्त माझ्याकडे होता आणि मी बाहेरून तिथे पोचू शकत नव्हतो. शेवटी चालकांना त्यांचा मोबाइल यूएसबीने जोडून राउटरची वायर काढायला लावली. आधी खात्यातून पैसे गेले नाहीत ना हे बघून घेतलं. चार वाजून दहा मिनिटांनी पावती निघाली.

दुसऱ्या दिवशी जाऊन पाय-होलचा क्वेरी लॉग, म्हणजे आलेल्या विचारणांची नोंद, उघडला. साडेतीनच्या आसपास एकच पत्ता लाल रंगात, म्हणजे अडवलेला, पुन्हा पुन्हा. तो पेमेंटच्या पानावरच्या एका स्क्रिप्टचा होता. ती पडद्याचा आकार, फॉन्ट, टाइमझोन जुळवून संगणकाची ओळख पटवते, फसवणूक टाळण्यासाठी. जाहिरातवाले माणसाचा माग काढायला नेमकं हेच करतात. यादीने आपलं काम बरोबर केलं होतं. डीएनएसला फक्त पत्ता कळतो, तो कुठल्या पानासाठी मागितला हे कळत नाही. यूब्लॉकला पान दिसतं, आणि एखादी साइट अडली तर निळं पॉवर बटण दाबून तेवढ्याच साइटपुरतं ते बंद करता येतं.

चूक माझी. मूळ यादीच्या जोडीला मी तीन कडक याद्या घातल्या होत्या. घरी त्या चालतात, जिथे रोज कोणी ना कोणी फॉर्म भरतो तिथे नाही. तिन्ही काढल्या, तो एक पत्ता मोकळा केला, पासवर्ड चालकांना दिला. राउटरशेजारच्या भिंतीवर कागद लावला: फी अडली तर आधी ब्लॉकिंग पाच मिनिटं थांबवा, मग पान नव्याने उघडा, आणि पुन्हा पैसे भरण्याआधी खातं बघा.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. पाय-होलने काय अडवलं हे त्या मुलीच्या पडद्यावर कुठेच दिसत नव्हतं. त्या आठ दिवसांत आणखी कोणाचा फॉर्म असाच अडला आणि तो न सांगता उठून गेला का, हे शोधायला मी लॉगमधल्या लाल ओळी दिवसागणिक तपासतोय. तिसऱ्या दिवशीच्या सकाळी तोच पत्ता दोनदा आहे, सात नंबरच्या मशीनवरून. तिथे त्या वेळी कोण बसलं होतं, हे चालकांना रजिस्टरमध्ये बघायला सांगितलंय.