नाव तेच, मेमरी निराळी : मंदिराच्या त्रिमितीय प्रतिरूपासाठी जुळवलेल्या संगणकाची नोंद

14 सप्टेंबर 2025

आमच्या गावाबाहेर, ओढ्याच्या काठाला, एक लहानसे हेमाडपंती शिवमंदिर आहे. दर पावसाळ्यात त्याचा एखादा दगड सरकतो, म्हणून आहे त्या स्थितीतले मंदिर छायाचित्रांवरून संगणकात त्रिमितीय स्वरूपात उभे करून ठेवावे, असे मी यंदा तान्ह्या पोळ्याच्या सुटीत ठरवले. मेशरूम ही विनामूल्य प्रणाली हे काम करते. परंतु तिच्या दोन टप्प्यांवर साधा संगणक दमतो. प्रत्येक छायाचित्रातील अंतरांचा नकाशा काढण्याच्या टप्प्याला कूडा (कार्डाकडून गणिते करून घेण्याची एनव्हिडियाची प्रणाली) चालवणारे, म्हणजे एनव्हिडियाचेच, ग्राफिक्स कार्ड लागते, आणि त्यानंतर सगळे बिंदू जोडून पृष्ठभाग तयार करताना रॅम भराभर खाल्ली जाते. या दोन्ही गोष्टी मर्यादित पैशांत कशा साधत गेल्या, याची ही नोंद राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहीत आहे; आपल्यापैकी जे लहान गावांत जुन्या संगणकांवर असेच काम करतात त्यांना ती उपयोगी पडावी, अशी इच्छा आहे.

सध्याची जुळणी अशी आहे : इंटेलचा कोअर आय5-10400एफ, एच410 चा मदरबोर्ड, रॅमचे दोनच स्लॉट आणि त्यांपैकी एकात 2666 वेगाची 8 जीबीची डीडीआर4 (रॅमची एक पिढी) स्टिक, जी मी जूनमध्ये 1,650 रुपयांना घेतली होती. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, 450 वॉटचा आहे, पण त्याला ग्राफिक्स कार्डासाठीची सहा पिनची वायर नाही. प्रोसेसरच्या नावातील ‘एफ’ अक्षराचा अर्थ त्यात स्वतःचे ग्राफिक्स नाही असा होतो, त्यामुळे कार्डाशिवाय पडद्यावर चित्रही उमटत नाही. पुतण्याने वापरून बाजूला ठेवलेले 2 जीबीचे जीटी 1030 सध्या बसवले आहे.

मंदिराच्या 142 छायाचित्रांचा पहिला संच काल रात्री लावला. अंतर-नकाशांच्या एका टप्प्याला पावणेपाच तास लागले.

5 ऑक्टोबर 2025

एवढा वेळ का लागतो हे पाहण्यासाठी ग्राफिक्स कार्डाची माहिती दाखवणारी जीपीयू-झेड ही प्रणाली उघडली, तेव्हा मेमरीच्या ओळीत डीडीआर4 असे दिसले. त्या जीटी 1030 ची पेटी पुन्हा काढून पाहिली, तर तिच्यावरही ते छापलेले होते. मी आणि पुतण्या, आम्हा दोघांपैकी कोणीही ते वाचले नव्हते.

जीटी 1030 हे नाव मे 2017 मध्ये आले, तेव्हा त्यावर जीडीडीआर5, म्हणजे खास ग्राफिक्स कार्डांसाठीची वेगवान मेमरी होती. 2018 मध्ये त्याच नावाखाली डीडीआर4 चा दुसरा अवतार आला. दोन्हींत 384 कोअर (गणिते करणारे घटक) आहेत, दोन्हींचा मेमरीमार्ग 64 बिटचा आहे, आणि तरीही पहिला सेकंदाला 48 जीबी माहिती वाहून नेतो, तर दुसरा केवळ 16.8 जीबी. हे गणित कोणालाही करता येते : मार्गाची रुंदी बिटमध्ये घ्यावी, तिला आठाने भागावे आणि मेमरीच्या प्रत्यक्ष वेगाने गुणावे. 64 भागिले 8 म्हणजे 8. जीडीडीआर5 चा वेग सेकंदाला 6 गिगाबिट धरला की 48 येतात आणि डीडीआर4 चा 2.1 धरला की 16.8. रुंद पाट आणि अरुंद पाट यांतून एकाच विहिरीचे पाणी किती वेळात शेवटच्या सरीपर्यंत पोहोचते, हे ज्याने ओलित केले आहे त्याला यापेक्षा अधिक सांगावे लागणार नाही.

हे उदाहरण एकटे नाही. जीटीएक्स 1060 च्या 3 जीबी आणि 6 जीबीच्या कार्डांत मेमरीच नव्हे, तर कोअरही वेगळे होते : 1152 आणि 1280. जीटीएक्स 1650 एप्रिल 2019 मध्ये जीडीडीआर5 घेऊन आले, सेकंदाला 128 जीबी. 2020 मध्ये त्याच नावाने जीडीडीआर6 चे आले, सेकंदाला 192 जीबी. सेकंडहँड बाजारात हे दोन्ही ‘सोळाशेपन्नास चार जीबी’ एवढ्याच नावाने आणि बहुधा एकाच भावाने विकले जातात. तेथे विक्रेत्याला कार्डाच्या मागच्या चिकटपट्टीचे आणि शक्य झाल्यास जीपीयू-झेडच्या पडद्याचे छायाचित्र मागणे हाच उपाय मला खात्रीचा वाटतो. जो ते पाठवायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून मी काही घेत नाही.

22 नोव्हेंबर 2025

शनिवारची पहिली एसटी धरून नागपूरला गेलो आणि दिवसभर बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, फिरलो. जाताना मनात दोन वस्तू होत्या : 8 जीबीची दुसरी रॅम आणि एक कार्ड. परत आलो तो दोन्हींशिवाय.

रॅमचा भाव ऐकून मी दुकानदाराला पुन्हा विचारले. जूनमध्ये 1,650 रुपयांना घेतलेली स्टिक दिवाळीत 2,900 रुपयांवर गेल्याचे मला ठाऊक होते आणि दिवाळी सरली की ती उतरेल असा माझा अंदाज होता. आता तिला 4,100 रुपये सांगितले गेले. ‘भाऊ, हा आजचा भाव आहे, सोमवारी फोन करून विचारा,’ असे तो दुकानदार म्हणाला आणि त्याच्या बोलण्यात विकण्याची घाई नव्हती, उलट स्वतःच्याच मालाबद्दलची काळजी होती. सोयाबीनचे भाव रोज विचारणारी माणसे आम्ही आहोत, परंतु रॅमचा भाव आठवड्याच्या बोलीवर चालताना मी प्रथमच पाहिला.

या भाववाढीचे मूळ दुकानात नाही. जगातील बहुतांश डीरॅम, म्हणजे रॅममधील मेमरी चिपा, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांना एचबीएम नावाची, थरांवर थर रचलेली मेमरी लागते आणि तेवढ्याच क्षमतेच्या डीडीआर5 च्या मानाने तिला सुमारे तिप्पट वेफर (ज्यावर चिपा घडवतात ती सिलिकॉनची चकती) खर्ची पडते, असे मायक्रॉननेच सांगितलेले आहे. म्हणजे तिकडे एक जीबी वाढली की इकडे तीन जीबींची जागा जाते. 1 ऑक्टोबर रोजी ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्स यांच्याशी केलेल्या प्राथमिक करारात दरमहा 9 लाख वेफरपर्यंतचा आकडा आला. नवा कारखाना उभा राहून माल बाहेर पडायला काही वर्षे लागतात. त्यातच डीडीआर4 हा जुना प्रकार उत्पादक याच वर्षी आवरता घेत आहेत, त्यामुळे जुने म्हणून स्वस्त मिळेल हा आपला नेहमीचा हिशेब या खेपेला चुकतो. डीडीआर5 ची स्टिक आपल्या जुन्या बोर्डांत बसतही नाही. पिना दोन्हींना 288 च असल्या तरी खाच वेगळ्या जागी आहे.

कार्डाबाबत मात्र पाहणी चांगली झाली. माझ्या एसएमपीएसला सहा पिनची वायर नाही, म्हणजे कार्डाने मदरबोर्डाच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या 75 वॉटमध्ये भागवले पाहिजे. शिवाय रब्बीत गहू-हरभऱ्याला पाणी सुरू झाले की आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरते आणि संगणक 600 व्हीएच्या यूपीएसवर वारंवार जातो, त्यामुळे जास्त वीज ओढणारे कार्ड मला परवडणारे नाही. या अटीत बसणारे नवे कार्ड म्हणजे आरटीएक्स 3050 चा 6 जीबीचा अवतार.

येथेही नाव फसवे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आरटीएक्स 3050 जानेवारी 2022 मध्ये आले ते 8 जीबीचे : 2560 कोअर, 128 बिटचा मार्ग, सेकंदाला 224 जीबी आणि 130 वॉट. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या 6 जीबीच्या कार्डात 2304 कोअर आहेत, मार्ग 96 बिटचा आहे, वहन सेकंदाला 168 जीबी आहे आणि वीज केवळ 70 वॉट लागते. ‘दोनच जीबी कमी’ असे म्हणून जो ते घेईल तो प्रत्यक्षात एक निराळे, लहान कार्ड घेत असतो. जीडीडीआर6 ची प्रत्येक चिप 32 बिटचा मार्ग देते. चार चिपांतून एक काढली की क्षमता 2 जीबीने घटते आणि मार्गही 32 बिटने अरुंद होतो. हेच आरटीएक्स 3060 मध्ये झाले : 12 जीबीचे कार्ड 192 बिटचे, आणि 2022 च्या अखेरीस आलेले 8 जीबीचे 128 बिटचे.

याच्या उलट प्रकारही आहे. एप्रिल 2025 मध्ये आलेल्या आरटीएक्स 5060 टीआयच्या 8 आणि 16 जीबीच्या दोन्ही कार्डांत मार्ग 128 बिटचाच आणि वहन सेकंदाला 448 जीबीच आहे. मोठ्या कार्डात बोर्डाच्या दोन्ही बाजूंना चिपा बसवून केवळ क्षमता दुप्पट केलेली आहे. तेथे जास्तीचे पैसे शुद्ध मेमरीचेच असतात, आणि मेमरी अशी महागत राहिली तर त्या दोन किमतींतील अंतर रुंदावत जाईल असे मला वाटते.

खेळांसाठी एएमडीचे कार्ड शोधणाऱ्यांसाठी एवढेच की आरएक्स 6500 एक्सटी आणि आरएक्स 6400 यांना पीसीआय एक्स्प्रेसच्या (कार्ड आणि मदरबोर्ड जोडणाऱ्या मार्गाच्या) चारच लेन आहेत, आपल्या तिसऱ्या पिढीच्या (3.0) जुन्या बोर्डांवर त्या चार लेनमधून चौथ्या पिढीच्या निम्मीच माहिती जाते, आणि 4 जीबीची मेमरी भरली की ते लगेच जाणवते.

3050 ला त्या दिवशी 17,400 रुपये सांगितले. मी महिनाभर थांबायचे ठरवले.

7 डिसेंबर 2025

बुधवारी, 3 डिसेंबरला, मायक्रॉनने क्रुशियल या नावाने ग्राहकांना होणारी विक्री बंद करण्याचे जाहीर केले. माल फेब्रुवारी 2026 अखेरपर्यंत येत राहील. गेल्या काही वर्षांत मी लोकांना ज्या रॅम आणि एसएसडी बसवून दिल्या त्यांपैकी अर्ध्या तरी या नावाच्या होत्या, त्यामुळे ही बातमी वाचून मन खरोखर खिन्न झाले.

ते वाचल्यावर थांबण्यात अर्थ उरला नाही. तालुक्याच्या गावी बंद पडलेल्या एका सायबर कॅफेचे संगणक सुटे करून विकले जात होते. तेथून 8 जीबीची, 2400 वेगाची डीडीआर4 स्टिक 1,800 रुपयांना आणली. माझी जुनी स्टिक 2666 ची आहे आणि दोन्ही एकत्र लावल्या की दोन्ही 2400 वरच चालतात, म्हणून हा सौदा तोट्याचा आहे असे एका मित्राने कळवले. त्याला मी वरचेच गणित लिहून पाठवले. एका स्टिकचा मार्ग 64 बिटचा असतो, म्हणून 2666 वर एकटी स्टिक सेकंदाला 21.3 जीबी देते. दोन स्टिक दोन चॅनलवर, म्हणजे दोन स्वतंत्र मार्गांवर, लागल्या की मार्ग 128 बिटचा होतो आणि 2400 वरही 38.4 जीबी मिळतात. वेग एक दशांशाने उतरला, पण वहन जवळजवळ ऐंशी टक्क्यांनी वाढले. जे कार्डाच्या बाबतीत खरे तेच रॅमच्या बाबतीतही खरे आहे, आणि ज्यांच्याकडे आज एकच स्टिक आहे त्यांनी नवा प्रोसेसर घेण्याआधी दुसरी स्टिक शोधावी, असे मी आग्रहाने सांगेन.

जुनी रॅम घेतली की तपासणी टाळू नये. स्टिकच्या सोनेरी पिना खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या आणि रॅम तपासणारे मेमटेस्ट86+ रात्रभर लावून ठेवले. पहिल्या रात्री वीज गेल्याने ते अर्धवट राहिले. दुसऱ्या रात्री चार फेऱ्या पूर्ण झाल्या आणि एकही चूक निघाली नाही.

18 जानेवारी 2026

आरटीएक्स 3050 चे 6 जीबीचे कार्ड अखेर घेतले, 18,200 रुपयांना. थांबण्याचे आठशे रुपये पडले. पेटी उघडण्याआधी तिच्यावरील 6 जीबी आणि 96 बिट हे दोन्ही आकडे वाचले, बसवल्यावर जीपीयू-झेडमध्ये 2304 कोअर आणि सेकंदाला 168 जीबी हे तपासले आणि मगच बिल जपून ठेवले.

बसवण्यापूर्वी कॅबिनेट उघडले तेव्हा प्रोसेसरच्या पंख्याखाली कापसाच्या तंतूंची चांगली बोटभर जाड गादी जमलेली होती. आमच्या घरापासून जिनिंग फार लांब नाही आणि वेचणीच्या दिवसांत घरातही कापूस साठवलेला असतो, त्यामुळे दसऱ्यापासून होळीपर्यंत दर पंधरा दिवसांनी ब्रश फिरवणे मी आता ठरवून टाकले आहे. पंखा फिरत असल्याचे बाहेरून दिसते, म्हणून हवा आत जात आहे असे समजू नये.

त्याच 142 छायाचित्रांचा, त्याच मापाचा अंतर-नकाशांचा टप्पा 38 मिनिटांत झाला. या दरम्यान कार्ड 66 अंशांच्या वर गेले नाही. अर्थात ही थंडीतली नोंद आहे आणि मे महिन्यात ती पुन्हा घ्यावी लागेल. व्होल्टेज उतरून यूपीएस दोनदा मध्ये आला, पण काम थांबले नाही.

पृष्ठभाग जोडण्याच्या टप्प्यावर 16 जीबीपैकी 15.1 जीबी रॅम भरली आणि काही वेळ एसएसडीचा आधार घ्यावा लागला. म्हणजे पुढच्या, 300 छायाचित्रांच्या संचाला ही रॅम पुरणार नाही. बोर्डाला दोनच स्लॉट असल्यामुळे 32 जीबी करायचे तर दोन्ही स्टिक काढून 16 च्या दोन घ्याव्या लागतील आणि आजच्या भावात ती जोडी जवळजवळ कार्डाएवढी महाग पडते. म्हणून मंदिराचे तीन भाग पाडून, गाभारा, सभामंडप आणि बाहेरची भिंत वेगवेगळी उभारून, नंतर जोडण्याचा मार्ग घेतला आहे. सभामंडपाचे चारही खांब आता पूर्ण उभे राहिले आहेत. ईशान्येच्या खांबावरचे कीर्तिमुख एवढे स्पष्ट आले आहे की त्याचा झिजलेला डावा डोळाही ओळखू येतो. बाहेरच्या भिंतीची छायाचित्रे, ओढ्याचे पाणी ओसरले आहे तोवर, पुढच्या रविवारी सकाळी घेणार आहे.